तोंडं मोजायची की हात?

दरवर्षी दहावीचा निकाल लागला की मालेगावातल्या आमच्या मोहल्ल्यात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. हार, प्रमाणपत्र, एखादी बॅग आणि दोन-चार भाषणं, असा ठरलेला कार्यक्रम. यंदा प्रमुख पाहुणे म्हणून आलेले गृहस्थ म्हणाले, "लोकसंख्या आवरली नाही तर सरकारने कितीही योजना आणल्या तरी पुरणार नाहीत. आणि याची सुरुवात तुमच्या समाजाने केली पाहिजे." त्यांच्यानंतर आमचेच एक बुजुर्ग उठले. त्यांनी सांगितलं, "जन्माला येणारा प्रत्येक जीव आपली रोजी सोबत घेऊन येतो. मुलं ही ताकद आहे, ओझं नाही." गंमत म्हणजे दोघांनाही त्याच लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पहिल्या रांगेत बक्षीस मिळालेल्या मुली बसल्या होत्या. दोन्ही भाषणं खरं तर त्यांच्याबद्दल होती, पण त्यांना कोणी काही विचारलं नाही. माझ्याकडे आभारप्रदर्शन होतं. मी आभार मानले आणि घरी आलो. त्या दिवशी द्यायचं राहिलेलं उत्तर इथे देतो आहे.

पुरणार नाही, ही भीती जुनी आहे

१७९८ मध्ये इंग्लंडमध्ये माल्थस यांनी मांडलं की माणसं धान्यापेक्षा वेगाने वाढतात, म्हणून उपासमार अटळ आहे. १९५८ मध्ये कोल आणि हूवर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी भारतालाच समोर ठेवून हिशेब केला. घरात मुलं जास्त असली की बचत कमी होते, सरकारचा पैसाही खाऊ घालण्यात आणि शाळा-दवाखान्यांत जातो, कारखान्यांना आणि धरणांना उरत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. त्याआधीच, १९५२ मध्ये, भारताने सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला होता. असा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू करणारा आपला देश जगात पहिला.

पुढे काय झालं? १९५१ मध्ये आपण ३६ कोटी होतो, आज १४० कोटींच्या वर आहोत. म्हणजे जवळजवळ चौपट. १९५०-५१ मध्ये देशात सुमारे ५ कोटी टन धान्य पिकत होतं, २०२२-२३ मध्ये ते सुमारे ३३ कोटी टनांवर गेलं. म्हणजे सहापटीहून जास्त. तेव्हा पाहुण्यांची "पुरणार नाही" ही भीती खरी ठरलेली नाही.

पण म्हणून आमच्या बुजुर्गांचं म्हणणं आपोआप खरं ठरतं का? तेही नाही. धान्य वाढलं ते माणसं जास्त जन्मली म्हणून वाढलं नाही. नवीन बियाणं आलं, कालवे आणि विहिरी झाल्या, खत आलं, सरकारने हमीभावाने धान्य विकत घ्यायला सुरुवात केली, म्हणून ते वाढलं. रोजी येते खरी, पण ती कुणीतरी उभी करावी लागते.

एक तुलना पुरेशी आहे. १९९० च्या आसपास भारत आणि चीन या दोन्ही देशांचं दरडोई उत्पन्न जवळजवळ सारखं होतं. दोन्ही देश प्रचंड लोकसंख्येचे. आज चीनचं दरडोई उत्पन्न आपल्या सुमारे पाचपट आहे. नुसत्या माणसांच्या संख्येवरून देशाची श्रीमंती किंवा गरिबी ठरत असती, तर हे झालंच नसतं. चीनने एक मूल धोरण आणलं म्हणून हे घडलं, असं कोणी म्हणेल. पण चीनमधला जन्मदर त्या धोरणाच्या आधीच, सत्तरच्या दशकात, निम्म्याहून खाली आला होता. तिथे फरक पडला तो आधी झालेल्या शाळा-दवाखान्यांच्या प्रसारामुळे आणि नंतर कारखान्यांत कोट्यवधी स्त्री-पुरुषांना मिळालेल्या कामामुळे.

दोन घरांचा हिशेब

हा विषय समजून घ्यायला अर्थशास्त्राचं पुस्तक लागत नाही. आपल्या गल्लीतली दोन घरं घ्या. पहिल्या घरात आठ माणसं. लूमवर जाणारा एकटा बाप, बाकी लहान मुलं, म्हातारे आई-वडील आणि घर सांभाळणारी आई. दुसऱ्या घरात पाच माणसं. बाप लूमवर, आई शाळेत शिक्षिका, दोन मुलं शिकतात, एक आजी. दुसऱ्या घरात पैसा उरणार, हे उघड आहे. का उरणार? माणसं कमी आहेत, हे एक कारण. पण कमावणारे हात दोन आहेत, हे त्याहून मोठं कारण. त्याच पाच जणांच्या घरात आईलाही बाहेर काम नसतं, तर महिनाअखेर त्यांचीही ओढाताणच झाली असती.

देशाचंही असंच असतं. जन्म कमी होऊ लागले की काही वर्षं लहान मुलांचं प्रमाण घटतं, म्हातारे अजून फार वाढलेले नसतात आणि मधल्या, कामाच्या वयातल्या माणसांचा वाटा मोठा होतो. या काळात देशाला पुढे जाण्याची संधी असते. अभ्यासक तिला लोकसंख्येचा लाभांश म्हणतात. दक्षिण कोरियासारख्या पूर्व आशियाई देशांची जी झपाट्याने प्रगती झाली, तिच्यातला सुमारे एक तृतीयांशपर्यंतचा वाटा या बदलाचा होता, असा ब्लूम आणि विल्यमसन या अर्थशास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

पण 'लाभांश' हा शब्द थोडा फसवा आहे. शेअरचा लाभांश घरबसल्या खात्यात जमा होतो, हा तसा होत नाही. कोरियात १९६० च्या सुमारास एका बाईला सरासरी सहा मुलं होत होती. पंचवीसेक वर्षांत तो आकडा दोनच्या खाली गेला. त्याच काळात मुली शाळेत गेल्या आणि शाळेतून कापडाच्या व इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत गेल्या. या दोन्ही गोष्टी सोबत झाल्या, म्हणून लाभ झाला.

दोन मुस्लिम देश, दोन धडे

आपल्या समाजात या विषयावर बोलताना नेहमी म्हटलं जातं की मुस्लिम समाजात हे शक्य नाही. त्यांच्यासाठी दोन उदाहरणं देतो.

पहिलं बांगलादेशचं. १९७१ मध्ये तो देश जन्मला तेव्हा तिथे एका बाईला सरासरी सातच्या आसपास मुलं होत होती. आज हा आकडा दोनच्या आसपास आहे. हे कुठल्याही सक्तीच्या कायद्याने झालं नाही. कुटुंबनियोजनाची साधनं आणि माहिती घेऊन कार्यकर्त्या बायकाच घरोघरी गेल्या. मुलींनी माध्यमिक शाळेत टिकावं म्हणून सरकारने त्यांना शिष्यवृत्ती दिली. कपड्यांच्या कारखान्यांत लाखो तरुण मुलींना पगार मिळू लागला. ते कारखाने आदर्श नव्हते. २०१३ मध्ये राणा प्लाझाची इमारत कोसळून ११०० हून जास्त कामगार मेले, त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. पण हातात स्वतःची मजुरी आलेल्या मुलीचं लग्नाचं वय पुढे गेलं आणि घरात तिचं मत ऐकलं जाऊ लागलं, हेही तितकंच खरं.

दुसरं इराणचं. तिथे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एका बाईला सहाहून जास्त मुलं होत होती. १९८९ मध्ये सरकारने धर्मगुरूंना सोबत घेऊन कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला, खेड्याखेड्यांत आरोग्यघरं चालवली आणि लग्नाआधी जोडप्यांना माहिती देणं बंधनकारक केलं. २००० च्या आसपास हा आकडा दोनवर आला. जगात इतक्या वेगाने जन्मदर क्वचितच कुठे उतरला असेल. विद्यापीठांतही मुली मोठ्या संख्येने पोहोचल्या.

तरीही इराणला कोरियासारखा लाभ झाला नाही. आर्थिक निर्बंध आणि तेलावरचं अवलंबित्व ही कारणं आहेतच. पण आणखी एक कारण आहे. इराणमध्ये पाच बायकांत एक बाईही कमावत्या कामात किंवा कामाच्या शोधात नसते. मुलं कमी झाली, मुली शिकल्या आणि मग घरी बसल्या. म्हणजे अर्धीच वाट चालून झाली.

माझ्या मते या विषयातला खरा धडा हा आहे. जन्म कमी होणं ही प्रगतीची सुरुवात असते. बाईच्या हाताला काम आणि त्या कामाचा मोबदला मिळाला, तरच ती पुढे जाते.

आपण कुठे आहोत?

आता आपल्याकडे वळू. १९९२-९३ मध्ये पहिली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तेव्हा देशात एका बाईला सरासरी ३.४ मुलं होत होती. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत हा आकडा २.० आहे. म्हणजे आई-बापांची जागा घेण्यापुरतीही मुलं आता देशात सरासरीने जन्मत नाहीत, कारण त्यासाठी २.१ लागतात. महाराष्ट्रात तर तो १.७ आहे.

मुस्लिम स्त्रियांचा आकडा १९९२-९३ मध्ये ४.४ होता, तो २०१९-२१ मध्ये २.३६ वर आला. हिंदू स्त्रियांचा ३.३ वरून १.९४ वर आला. फरक अजून आहे, तो लपवण्याचं कारण नाही. पण तो एकाहून जास्त होता, आता अर्ध्याहून कमी आहे. आमच्या पाहुण्यांनी ज्या कामाची "सुरुवात" करायला सांगितली, ते काम आमच्या आयांनी तीस वर्षं गाजावाजा न करता केलं आहे.

उरलेला फरक कशामुळे आहे, तेही हीच पाहणी सांगते. शाळेत न गेलेल्या बाईला सरासरी २.८ मुलं, तर बारावी किंवा त्याहून जास्त शिकलेल्या बाईला १.८. बिहारचा आकडा ३.०, केरळचा १.८. केरळमधल्या मुस्लिम बाईपेक्षा बिहारमधल्या हिंदू बाईला सरासरी जास्त मुलं होतात. शाळा किती लांब आहे, दवाखान्यात डॉक्टर आहे का आणि जन्मलेलं मूल जगेल याची खात्री आहे का, यावर हे आकडे ठरतात. धर्मावरून त्यांचा उलगडा फारसा होत नाही.

आमच्या बुजुर्गांनाही अदबीने एक आठवण करून द्यावीशी वाटते. सुमारे नऊशे वर्षांपूर्वी इमाम गझाली यांनी त्या काळात माहीत असलेल्या संततिनियमनाच्या पद्धतीला परवानगी दिली आहे. मुलं जास्त झाल्याने होणारी ओढाताण टाळणं हे त्यासाठी चालणारं कारण आहे, असंही त्यांनी मानलं. रोजीवरचा विश्वास आणि घराचा विचार एकत्र राहू शकतात, हे आपल्या परंपरेत जुनंच आहे.

म्हणजे अर्धी वाट आपण चाललो. उरलेल्या अर्ध्या वाटेचं काय? सरकारच्या श्रमशक्ती पाहणीत १५ वर्षांवरच्या बायकांपैकी कामात किंवा कामाच्या शोधात असलेल्यांचं प्रमाण २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होतं, २०२३-२४ मध्ये ते ४१.७ टक्के झालं. आकडा वाढला, पण ही वाढ मोठ्या प्रमाणात घरच्या शेतीत आणि घरच्या धंद्यात, बहुतेक वेळा पगाराविना राबणाऱ्या बायकांची आहे. मुस्लिम बायका कमावत्या कामात इतरांपेक्षा कमी आहेत आणि ज्या आहेत त्यांतल्या बऱ्याच घरातूनच काम करतात, हे सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवलं होतं.

हे वाचायला मला अहवाल लागत नाही. आमच्या गल्लीत दुपारी फिरलं की दिसतं. कांडी भरणं, साडीला फॉल-बिडिंग, ओढणीवर टिकल्या लावणं. मजुरी नगावर. हिशेब ठेकेदाराच्या वहीत. आणि त्या कामावर बसलेल्या मुलींमध्ये दोन-तीन वर्षांपूर्वी ज्यांच्या गळ्यात आम्ही हार घातला होता, त्याही दिसतात.

कमी म्हणणारे आणि जास्त म्हणणारे

सक्तीचा रस्ता आपण पाहिला आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूरही केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा होऊ शकलं नाही. त्या धाकामुळे कुटुंबनियोजन हा शब्दच पुढे कित्येक वर्षं बदनाम झाला. महाराष्ट्रात आजही दोनपेक्षा जास्त मुलं असलेल्यांना ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत निवडणूक लढवता येत नाही, आणि २००५ च्या नियमांनुसार सरकारी नोकरीही मिळत नाही. अशा कायद्यांवर निर्मला बुच यांनी पाच राज्यांत केलेल्या अभ्यासात आढळलं की पद वाचवण्यासाठी काही पुरुषांनी बायकोला टाकून दिलं, काही ठिकाणी मूल दुसऱ्याला दिलं गेलं. कायदा पुरुषाने पाळायचा, किंमत बाईने मोजायची.

आता वारं उलटं वाहू लागलं आहे. आंध्र प्रदेशाने नोव्हेंबर २०२४ मध्ये आपली दोन मुलांची अट रद्द केली आणि मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू लोकांना जास्त मुलं होऊ द्या असं सांगू लागले. डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत यांनी दोनपेक्षा जास्त, तीन मुलं हवीत असं मत मांडलं. चीनने २०१५ पर्यंत एक मूल, मग दोन, २०२१ पासून तीन, असा प्रवास केला. तरी २०२२ पासून त्याची लोकसंख्या घटू लागली. कोरियात २०२३ मध्ये आकडा ०.७२ पर्यंत घसरला, पैसे देऊनही तिथल्या तरुण मुली तयार होईनात.

कमी म्हणा नाही तर जास्त म्हणा, बोलणारे सगळे देशाच्या किंवा जमातीच्या आकड्याबद्दल बोलतात. ज्या बाईच्या शरीरावर हा आकडा घडतो, तिला विचारत नाहीत. पाचव्या पाहणीत ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांनी नसबंदी करून घेतल्याची नोंद आहे, तर पुरुष नसबंदीचा वाटा फक्त ०.३ टक्के. यावरून ओझं कोणावर आहे ते समजतं.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र उघडलं. १९३८ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या वतीने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला गेला, तो नामंजूर झाला. बाईचं आरोग्य आणि बाईची इच्छा हे दोन मुद्दे त्यांनी तेव्हाच मांडले होते. आकड्यांच्या भांडणात आपण तेच विसरलो.

वेळ थोडा आहे

आज देशातले साधारण दोन तृतीयांश लोक कामाच्या वयात आहेत आणि साठीच्या वरचे दहात एक. २०५० च्या सुमारास पाचात एक माणूस साठीच्या वर असेल. आज सोळा वर्षांची असलेली मुलगी तेव्हा चाळिशीत असेल. म्हणजे लाभांशाची ही सगळी वर्षं तिच्या कमावण्याच्या वयाची वर्षं आहेत. ती कांडीवर गेली, तर देशाचा लाभांशही तिथेच बसून राहणार.

म्हणून सरकारकडे मागायचं असेल तर ठोस मागा. मोहल्ल्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर मुलींसाठी कनिष्ठ महाविद्यालय. तालुक्याच्या गावी वसतिगृह. नगावरच्या कामाला किमान मजुरी आणि त्या बायकांची कामगार म्हणून नोंदणी. कारखान्याजवळ पाळणाघर. आणि येणारी जनगणना वेळेत पूर्ण करा, कारण २०११ नंतर देशाने माणसं मोजलेलीच नाहीत आणि सगळे वाद जुन्या आकड्यांवर चालले आहेत. जनगणनेची माणसं दारात आली की घरातल्या बायकांचं काम "काही नाही" असं सांगू नका. कांडी भरते, शिलाई करते, जे करते ते लिहून घ्या.

स्वतःकडेही मागायचं आहे. दहावीनंतर "लांब आहे", "जमाना खराब आहे", "स्थळ चांगलं आहे" ही तीन वाक्यं आपल्या घरांत किती वेळा बोलली जातात, ते प्रत्येकाने आठवावं. हॉल आणि बिर्याणीसाठी कर्ज काढणारे आपण अकरावीच्या फीसाठी का काढत नाही, हेही विचारावं.

कमिटीला मी एक सूचना केली आहे. पुढच्या वर्षी दहावीच्या सत्काराला पाहुणे कमी बोलवू. त्याऐवजी यंदा हार घातलेल्या सगळ्या मुलींना परत बोलवू आणि एकेकीला विचारू, बेटी, आता कुठे आहेस? ज्या आल्या नाहीत त्यांच्या घरी जाऊ. सूचनेवर अजून निर्णय झालेला नाही. वाचकांनी आपापल्या मोहल्ल्यात हे करून पाहिलं, तर आमच्या कमिटीलाही ठरवणं सोपं जाईल.